चार वर्षांच्या मुलीला बाबागाडी कशाला?

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तिसरा वाढदिवस झाला की लागतं. त्यामुळे सहलीची तारीख वाढदिवसाच्या अलीकडे कशी बसवता येईल याचं गणित अनेक घरांत मांडलं जातं, आणि त्यात वावगं काही नाही. पण याच नियमाच्या आडून एक समजूतही घरात शिरते: तिकीट लागलं म्हणजे मूल मोठं झालं, आता बाबागाडी माळ्यावर.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात ही समजूत बोलून दाखवली ती पुण्याहून आलेल्या आजींनी. "चार वर्षांच्या मुलीला बाबागाडी कशाला? हिच्या बापाला याच वयात मी शिवनेरी चढवला होता!" मुलाला आईचं म्हणणं लगेच पटलं, कारण विमानाच्या सामानातला एक डाग कमी होणार होता. सूनबाईंना शंका होती. "आई, शिवनेरीवर आपण वर जाऊन दशम्या सोडतो, घटकाभर पडतो आणि उतरतो. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत उभंच राहायचंय," असं त्या म्हणाल्या, पण सहलीच्या तोंडावर वाद नको म्हणून गप्प बसल्या. धाकटा सव्वा वर्षाचा. त्याला पोटाशी बांधायच्या झोळीत घ्यायचं आणि थोरलीनं चालायचं, असं ठरलं.

सामानाचा मुद्दा तर मुळातच फसवा होता. लहान मूल बरोबर असेल तर बहुतेक विमान कंपन्या बाबागाडी फुकट नेतात, ती सामानाच्या वजनात धरत नाहीत. अनेकदा ती थेट विमानाच्या दारापर्यंत ढकलत नेता येते. दारात कर्मचारी ती घेतात आणि उतरल्यावर परत देतात, कधी दारातच, तर कधी सामानाच्या पट्ट्यावर. नेमकं कुठे मिळणार, हे देतानाच विचारून घ्यावं. आंतरराष्ट्रीय प्रवासात गाडी मोडकी हाती आली, तर नोंदवलेल्या सामानाच्या नुकसानीची तक्रार 7 दिवसांच्या आत लेखी करावी लागते. शहाणा माणूस विमानतळ सोडण्याआधीच करतो.

मॅजिक किंगडम हे डिस्ने वर्ल्डमधलं सर्वांत जुनं उद्यान. 1 ऑक्टोबर 1971 ला ते उघडलं. मोटार घेऊन जाणाऱ्याला तिथे थेट फाटकाशी उतरता येत नाही. वाहनतळ पाण्याच्या अलीकडे आहे. तिथून पायी किंवा ट्रामनं वाहतूक केंद्र गाठायचं, मग 'सेव्हन सीज लगून' नावाचा तलाव ओलांडायला बोट किंवा मोनोरेल धरायची, आणि मग कुठे फाटक दिसतं. मुंबईकरांना हे ऐकून एस्सेलवर्ल्ड आठवेल. 1989 साली गोराईला उघडलेलं आणि 2022 पासून बंद असलेलं ते उद्यानही अनेकांनी आधी बोटीनं खाडी ओलांडूनच गाठलं होतं. इथला पसारा मात्र कितीतरी मोठा आहे. सांगायचं एवढंच, की मुलाच्या पायांचा हिशेब तिकीट दाखवण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

या घरातली थोरली सकाळी उड्या मारत आत गेली. किल्ल्यासमोर फोटो झाले. मग रांगा सुरू झाल्या. रांगेत बाबागाडी नेता येत नाही. ती बाहेर ठरवून दिलेल्या जागी लावून ठेवायची असते. "मग हवी कशाला?" असं बरेच जण विचारतात, आणि आजींनीही हेच विचारलं होतं. खरं तर याच कारणासाठी ती हवी. रांगेत तास-तासभर मूल उभं असतं, पाळण्यात बसतं ते चार-पाच मिनिटं, आणि बाहेर पडलं की पुढच्या रांगेकडे चालू लागतं. दोन रांगांच्या मधली ही चाल हीच त्याच्या विश्रांतीची एकमेव जागा. गाडी नसेल तर तीही जाते. दिवसभरात मोठ्यांच्या मनगटावरची घड्याळं दहा-बारा किलोमीटर सहज दाखवतात, आणि मोठ्यांच्या एका पावलाला पोराची दोन पडतात.

दुपारी जेवणानंतर ती पोर उद्यानातल्या फँटसीलँडच्या रस्त्यावर मधोमध बसली, एका पायातला बूट काढून बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "माझे पाय संपले."

रडारड नव्हती, म्हणून आधी सगळे हसले. उठवल्यावर ती उठेना, तेव्हा बापानं खांद्यावर घेतलं. चार वर्षांच्या मुलीचं सरासरी वजन साधारण 16 किलो असतं. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यातली दमट हवा, पाठीवर पिशवी आणि खांद्यावर 16 किलो. अर्ध्या तासात बापाचेही पाय संपले. शेवटी उद्यानातलीच भाड्याची गाडी घेण्यात आली.

भाड्याच्या गाडीबद्दल दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, ती टणक प्लॅस्टिकची, धुवायला सोपी अशी असते. तिची पाठ मागे झुकत नाही. बसायला ठीक, झोपायला नाही. झोपलेल्या मुलाची मान एका बाजूला कलंडते आणि आई स्वेटरची उशी करत बसते. मानही न धरणाऱ्या तान्ह्या बाळाला तर तिच्यात बसवूच नये. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ही गाडी उद्यानाबाहेर नेता येत नाही. त्याच दिवशी डिस्नेच्या दुसऱ्या उद्यानात गेलात तर पावती दाखवून तिथली गाडी मिळते, पण पहिल्या उद्यानातली पहिल्यातच सोडावी लागते. नियम चुकीचा नाही. हजारो गाड्या सांभाळणारं उद्यान दुसरं काय करणार? पण मूल दमून गाढ झोपतं ते बहुधा रात्री निघतानाच. त्या कुटुंबानं झोपलेली मुलगी फाटकाशी गाडीतून उचलली, बोटीपर्यंत नेली, बोटीत तासलेल्या ओंडक्यासारखी मांडीवर आडवी घेतली, मग वाहनतळापर्यंत पुन्हा खांदा. पिशव्या आजींच्या हातात. धाकटा झोळीत, तोही झोपलेला. सकाळी न मोजलेलं अंतर त्यांनी रात्री पावलापावलानं मोजलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी कुणालाही न विचारता दुकानातून छत्रीसारखी मिटणारी साधी गाडी विकत आणली. भाड्याच्या गाडीला दोन-तीन दिवसांत जेवढे पैसे जातात, त्याच्या आसपास अशी नवी गाडी येते. आणि ती दिवसभर ढकलली कुणी? आजींनी. गुडघे दुखत होते, दांड्याचा आधार बरा वाटला. आधाराला हरकत नाही. मात्र गाडीवर भार टाकून चालू नये आणि दांड्याला जड पिशव्या अडकवू नयेत. मूल उतरलं की तोल मागे जातो आणि गाडी उलटते. मूल आत बसलेलं असतानाही उलटू शकते, म्हणून पट्टे लावायलाच हवेत. ज्येष्ठांचे पाय खरोखरच साथ देत नसतील तर चाकांची खुर्ची उद्यानात भाड्यानं मिळते. ती मागताना आपल्याकडची माणसं उगीच संकोचतात.

मुलाची उंची आणि मुलाची चालण्याची ताकद यांत बरेच पालक गल्लत करतात. मॅजिक किंगडममधल्या 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन'ला किमान 38 इंच, म्हणजे 97 सेंटीमीटर उंची लागते. 'स्पेस माउंटन'ला 44 इंच, म्हणजे 112 सेंटीमीटर. चार वर्षांची मुलगी सरासरी 103 सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे पहिल्या गाडीत ती ऐटीत बसेल, दुसरीच्या दारातून परत येईल, आणि दोन्ही ठिकाणी चालत जायला दमेल. उंचीच्या पट्टीला टेकली म्हणून बाबागाडी सुटली, असं होत नाही. ज्यात लहानाला घेत नाहीत अशा पाळण्यासाठी मोठ्यांना आलटून पालटून बसायची सोय असते: एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, आणि मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. अशा वेळी थांबणाऱ्याजवळ गाडी असली तर धाकट्याची एक डुलकी होऊन जाते.

गाडी न्यायची ठरली तर कोणती? 1 मे 2019 पासून डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांत 31 इंच, म्हणजे 79 सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि 52 इंच, म्हणजे 132 सेंटीमीटरपेक्षा लांब गाडी आत सोडत नाहीत. मुलांना बसवून ओढत न्यायचे चौकोनी वॅगन तर कोणत्याही मापाचे चालत नाहीत. जुळ्यांच्या शेजारी-शेजारी बसायच्या बहुतेक गाड्या या मापात बसतात, पण मोजल्याशिवाय निघू नये. मापात बसणारी गाडी सोयीची असेलच असंही नाही. डिस्नेच्या हॉटेलांतून उद्यानांकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना गाडी मिटवावी लागते. मागे माणसांची रांग, एका हातात मूल, दुसऱ्या हातात बाटली, अशा वेळी एका झटक्यात मिटणारी पाच-सहा किलोची गाडी लाखमोलाची ठरते. घराजवळच्या बागेत रोज फिरवायची भारदस्त गाडी वेगळी आणि बसच्या पायरीवरची वेगळी. मोठ्या बोटीत आणि स्कायलायनर नावाच्या केबल गाडीत मात्र उघडी गाडी चालते.

हलक्या गाडीचा जन्मच प्रवासाच्या गरजेतून झाला, ही एक गमतीची गोष्ट. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. त्यांची लेक मॉस्कोहून नातीला घेऊन माहेरी आली, तेव्हा जड प्रॅम विमानातून आणता-नेता तिची झालेली दमछाक त्यांनी पाहिली. विमानाच्या चाकांप्रमाणे मिटणारी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी त्यांनी 1965 साली तयार केली. वजन 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत-बाहेर. आज जगभर दिसणाऱ्या छत्री-गाड्या तिच्याच वंशातल्या. पण मिटणाऱ्या सांध्यांचा धोकाही तिथूनच आला. नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन यांच्या कंपनीच्या सुमारे 10 लाख गाड्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडल्याच्या 15 घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या 12 मध्ये बोटाचं टोक तुटलं होतं. कंपनी कोणतीही असो, गाडी उघडताना आणि मिटवताना मूल हातभर लांब उभं करावं. घरी दोन-चारदा मिटवून सराव करावा, तोही मूल कडेवर घेऊन. उद्यानात ते कडेवरच असणार आहे.

आता उन्हाचं. आपल्याकडची आजी काय करते? बाळाला ऊन लागू नये म्हणून गाडीवर सुती ओढणी पांघरते. ती दिसते शीतल, पण आतली हवा कोंडते. 2014 साली स्वीडनच्या 'स्वेन्स्का डागब्लाडेट' या वृत्तपत्रानं उन्हात उभ्या प्रॅमची पाहणी केली. उघड्या प्रॅममध्ये 22 अंश सेल्सियस असलेलं तापमान पातळ पांघरूण टाकल्यावर अर्ध्या तासात 34 वर आणि तासाभरात 37 वर गेलं. 2023 मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच नीट तपासलं: कोरडं मलमल टाकल्यावर गाडीतलं तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढलं, आणि ओलं मलमल नि छोटा पंखा एकत्र वापरल्यावर साडेचार ते पाच अंशांनी उतरलं. कापड दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओलं करावं लागतं. यात एक खोच आहे. ओल्या कापडाचा गारवा पाणी उडण्यातून येतो आणि दमट हवेत पाणी हळू उडतं. म्हणजे नागपूरच्या कोरड्या उन्हात ही युक्ती जेवढी चालेल तेवढी ऑर्लँडोच्या किंवा मुंबईच्या घामट हवेत चालणार नाही. तिथे सावली, पाणी आणि दुपारी दोन तास वातानुकूलित जागा हाच इलाज. डिस्ने वर्ल्डच्या चारही उद्यानांत दूध पाजायला आणि लंगोट बदलायला स्वतंत्र केंद्रं आहेत. नकाशावर ती आधीच हेरून ठेवावीत.

जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारी विजांसह पाऊस कोसळतो. तेव्हा गाडी बाहेर रांगेत उभी आणि आपण आत. परत येईपर्यंत आसन चिंब. जाताना गाडीवर प्लॅस्टिकचं आवरण टाकून जावं, आणि मूल बसवण्याआधी ते काढावं.

आणखी एक गोंधळ ठरलेला. बाहेर येऊन बघावं तर आपली गाडी जागेवर नसते. चोरी क्वचितच, गर्दीत वाट मोकळी राहावी म्हणून कर्मचारी गाड्या सरकवून ओळीत लावतात, आणि शंभर काळ्या-करड्या गाड्यांत आपली ओळखू येत नाही. त्या आजींनी दांड्याला नऊवारीच्या काठाची पट्टी बांधली होती. लांबून दिसायची. पासपोर्ट, पैसे, औषधं मात्र गाडीत ठेवू नयेत, हे सांगायला नकोच.

एकाच जागेचे नियम सगळीकडे लावू नयेत. डिस्ने वर्ल्डमधलंच एपकॉट सुमारे 300 एकरांचं. तिथल्या 11 देशांच्या दालनांना तलावाभोवती एक फेरी मारली की जवळजवळ 2 किलोमीटर होतात. तिथे पाच वर्षांच्या मुलालाही गाडी लागते. सिंगापूरच्या सेंतोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज सुमारे 20 हेक्टरांत आटोपतं; तिथे तीन-साडेतीन वर्षांपुढच्या धडधाकट मुलाला दुपारच्या झोपेची सवय नसेल तर गाडीवाचून भागतं. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत फिरणं बरंचसं बसनं होतं. दर थांब्यावर गाडी मिटवा-उघडा करण्यापेक्षा बाळाला झोळीत घ्यावं.

खोपोलीजवळच्या, 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिकाला पुण्या-मुंबईहून मोटारीनं जाणारे पुष्कळ. तिथे अंतरं कमी असतात, पण एप्रिल-मेचं ऊन डिस्नेपेक्षा कडक. तीन वर्षांखालचं मूल असेल तर हलकी गाडी मोटारीच्या डिकीत टाकायला काय जातंय? लागली नाही तर डिकीतच राहील. पाण्याच्या उद्यानात मात्र ती आणूच नये. ओल्या, घसरत्या फरशीवर चाकं आणि मोठ्यांचे पाय दोन्ही घसरतात, आणि मूल तसंही पाण्यातून बाहेर येत नाही.

रात्रीच्या आतषबाजीला गाडी हा त्रास आहे, हेही खरं. मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावर माणसाला माणूस चिकटून उभं असतं. पोटरीला चाक लागलं की वळून बघणारे चेहरे काही प्रेमळ नसतात. तेव्हा गाडीसकट मागे, कडेला उभं राहावं, किल्ला थोडा लहान दिसला तरी चालेल. मोठ्या आवाजाला घाबरणारं मूल असेल तर आतषबाजी सुरू होण्याआधीच निघावं. बोटीला गर्दीही कमी असते.

तेव्हा दोन वर्षांपर्यंत गाडी हवीच, आणि झोपेसाठी पाठ झुकणारी हवी. तीन ते पाच या वयात घरी चालणाऱ्या, पळणाऱ्या मुलालाही दिवसभराच्या मोठ्या उद्यानात हलकी गाडी न्यावी, उद्यानातल्या भाड्याच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. सहाव्या वर्षी मुलाकडे पाहून ठरवावं. सातपुढे नको, त्या वयात दुपारी हॉटेलवर परतून तासभर झोपणं जास्त उपयोगी. परदेशी जाताना घरची महागडी गाडी नेण्यापेक्षा हॉटेलवर गाडी पोचवणाऱ्या स्थानिक दुकानांकडून ती भाड्यानं घेणंही परवडतं, कारण ती वाहनतळापासून खोलीपर्यंत आपल्याजवळच राहते.

नियम आणि मापं उद्यानागणिक वेगळी असतात आणि बदलतातही. म्हणून निघायच्या आठवड्यात त्या उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघा, मोजपट्टी घेऊन घरातली गाडी मोजा, आणि रुंदी 79 सेंटीमीटरच्या किंवा लांबी 132 च्या पुढे भरली तर डिस्नेला ती नेऊ नका. फाटकावर हुज्जत घालून उपयोग होत नाही.